गाणारी डाव्या दारात

आर्डमोर, ओक्लाहोमा
१४ एप्रिल १९९७

श्री. व्हर्जिल हॉस्टेटर यांना,

तुमचं सांत्वनाचं कार्ड मिळालं. हार्लनला जाऊन दोन महिने होऊन गेल्यावर मिळालं, पण मिळालं. बाकीच्यांची कार्डं पहिल्या आठवड्यात आली आणि चर्चमधल्या बायकांनी आणलेल्या डब्यांबरोबरच संपली. तुमचं एकटंच मागून आलं, म्हणून ते अजून फ्रिजवर लावलेलं आहे.

तुम्ही मला ओळखत नसाल, मी तुम्हाला चांगली ओळखते. टल्साला, टेक्सार्कानाला मैदानावर गाड्यांच्या आवाजाच्या स्पर्धा व्हायच्या तेव्हा घडीची खुर्ची टाकून विणकाम करत बसलेली बाई म्हणजे मी. तुम्ही आमच्या जुन्या ब्यूकमध्ये स्टिअरिंगमागे जाऊन बसायचात, काचा वर करायचात आणि डोळे मिटून गाणं ऐकायचात. माझा नवरा बाहेर टोपी हातात धरून उभा. मग तुम्ही उतरायचात, कागदावर काहीतरी खरडायचात, आणि संध्याकाळी त्याला दुसरा नंबर मिळायचा. नऊ वर्षं दुसरा नंबर. बक्षिसाच्या त्या ढाली मी कपडे धुण्याच्या खोलीत लावल्या आहेत. पहिल्या नंबरसाठी दिवाणखान्यात एक खिळा ठोकून ठेवला होता, तो अजून तसाच आहे. हे मी टोमणा म्हणूनच लिहिते आहे, गैरसमज नसावा.

आता काम. हार्लन गेल्यापासून गाडीतलं गाणं बिघडलं आहे. पूर्वी गाणारी बाई अगदी समोर, बॉनेटवर उभी राहून गाते आहे असं वाटायचं. आता ती डाव्या दारात जाऊन बसली आहे. दाराच्या खिशातून गाते म्हणा ना. गाडीला कोणी हात लावलेला नाही. गाड्यांमधली गाण्याची यंत्रं बसवणारा गावातला डॉयल म्हणतो की डिकीतल्या यंत्रांच्या सगळ्या कळा शून्यावर आणून नव्याने बसवू, एका दुपारचं काम आहे. पण त्या कळा हार्लनने नऊ वर्षं केसभर इकडे, केसभर तिकडे करत फिरवल्या होत्या, नुसत्या कानाने. कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. एकदा हलल्या की त्याने कुठे ठेवल्या होत्या ते कोणालाच सांगता येणार नाही. त्याचे कपडे मी चर्चला दिले, त्याची हत्यारं भाच्याला दिली. ही एकच गोष्ट त्याने ठेवली तशी उरली आहे.

तेव्हा डॉयलला होकार देण्याआधी तुम्हाला विचारते. काय मोडलं असेल?

ओलेटा स्पार्क्स


ओवेन्सबरो, केंटकी
२२ एप्रिल १९९७

मिसेस स्पार्क्स यांना,

आपलं पत्र पोचलं. टोमणाही पोचला. परीक्षकाला त्याची सवय असते.

गाणारी जागा सोडून बाजूला सरकली, याचा अर्थ एका बाजूचा आवाज कमी पडतो आहे. डाव्या दारात गेली, म्हणजे दोष उजव्या बाजूला. कृपया पुढील गोष्टी पाहाव्यात. उजव्या दारातल्या स्पीकरला कान लावून तो वाजतो की नाही ते बघावं. त्यामागची तार सैल झाली आहे का ते कोणाकडून तरी तपासून घ्यावं. हिवाळ्यात गाडी उभी राहिली असेल तर उंदरांनी तार कुरतडलेली असू शकते. कळांना मात्र तूर्त हात लावू नये.

आपले यजमान सभ्य गृहस्थ होते. बाकीचे स्पर्धक गुण कमी पडले की वाद घालतात. एकदा एकाने माझी टोपी चिखलात फेकली होती. मिस्टर स्पार्क्स कागद वाचायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि "थँक यू, सर" म्हणायचे.

मला स्वतःला येऊन पाहणं शक्य नाही. बारा तासांचा रस्ता आहे, आणि या हंगामात माझ्याकडे मोठ्या आवाजाची रांग दिली आहे. तिथे माणसं कमी पडतात. तिथलं काम सोपं आहे. गाडी बंद करायची, आत माइक ठेवायचा, मालकाने बाहेरून बटण दाबायचं. गाडीचं छप्पर लाटेसारखं हलतं, कधी काच तडकते, पोरं टाळ्या वाजवतात, आणि मी कानांवर जाड झापडं लावून मीटरवरचा आकडा वाचतो. आकडा वाचायला कान लागत नाहीत. त्या रांगेत कोणी कोणाशी भांडतही नाही, कारण आकडा सगळ्यांना दिसतो.

तार तपासून कळवावं.

आपला,
व्हर्जिल हॉस्टेटर


आर्डमोर
३ मे १९९७

मिस्टर हॉस्टेटर,

बारा तासांच्या अंतरावरून उंटावरून शेळ्या हाकणं तुम्हाला छान जमतं. तुमच्या हुकमाप्रमाणे शेजारच्या एमेटला बोलावलं. तो सत्तरीचा आहे, गुडघे गेलेले, तरी बिचारा गाडीत आडवा झाला. उजवा स्पीकर खणखणीत वाजतो. तार घट्ट आहे. उंदीर नाहीत, आमच्याकडे मांजर आहे. गाणारी मात्र डाव्या दारातच.

एमेटला मी पिकानचा मेवा घालून भाजलेला गोड पाय अर्धा कापून दिला. उरलेला अर्धा आठवडाभर एकटी खात होते. दोघांसाठी करायची सवय जात नाही, आणि एकट्यापुरता पिकान पाय भाजायचा कसा हे मला कोणी शिकवलेलं नाही. स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ चालू ठेवते. ऐकत नाही, नुसता चालू असतो.

तुम्ही म्हणाल बाई गाण्यासाठी एवढा जीव का टाकते. सांगते. मला संगीतातलं काही कळत नाही. हार्लनही टायरच्या कारखान्यातला माणूस, बोलायला जड. आईच्या अंत्यविधीला चार शब्द बोल म्हटलं तर उभा राहिला आणि खाली बसला. पण रविवारी चर्चनंतर आम्ही लेक मरीच्या तळ्यावर जायचो. पाण्याकडे तोंड करून तो गाडी लावायचा, काचा वर करायचा आणि एक गाणं लावायचा, नेहमी तेच, एका बाईचं, मागे फक्त पियानो. आणि गाणं संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मी म्हणायची, "अरे, तळ्याकडे बघ, तळं बघायला आलोय ना?" तो उठून डिकीपाशी जायचा, काहीतरी करायचा, परत येऊन तेच गाणं पुन्हा लावायचा. असे आमचे रविवार. तेव्हा कंटाळा यायचा.

आता तळ्यावर गेले तरी गाणारी दारात बसलेली असते, आणि मी गाडी वळवून घरी येते.

पत्रापत्रीत महिने जातात. खाली माझा नंबर दिला आहे. फोन करा ना. मी घरीच असते.

ओलेटा स्पार्क्स


ओवेन्सबरो
१२ मे १९९७

मिसेस स्पार्क्स यांना,

फोनवर अशा गोष्टींचा नीट उलगडा होत नाही. लिहिलेलं बरं.

आपलं पत्र वाचल्यावर मी स्वस्थ बसून आठवून पाहिलं. मला गाड्या आठवतात, जशी इतरांना माणसं आठवतात. आपली ब्यूक तर फारच नीट आठवते. सूर स्वच्छ, ढोलाचा ठोका कोरडा, इंजिन चालू असताना बारीकशी शिट्टीसुद्धा नाही. त्या भागात तशी दुसरी गाडी नव्हती. एकच दोष होता, आणि तो पहिल्या वर्षापासून होता. गाणारा मधोमध उभा राहत नसे, डाव्या दाराकडे ओढला जाई. हेच मी दर वर्षी कागदावर लिहिलं. मिस्टर स्पार्क्सनी ते कधी दुरुस्त केलं नाही. का केलं नाही ते मला कळलं नाही. काही माणसांना आपल्या गाडीचा दोष ऐकू येत नाही, जसा आईला मुलाचा बेसूर ऐकू येत नाही.

तेव्हा मिसेस स्पार्क्स, काहीही मोडलेलं नाही. गाडी होती तशीच आहे. फरक इतकाच की आपण आता ती लक्ष देऊन ऐकता. दुःखात माणूस नव्याने ऐकतो. डॉयल यांना होकार द्यावा. कळा नीट बसवल्या की गाणारी मधोमध येईल, आणि ती गाडी शेवटी जशी व्हायला हवी होती तशी होईल. मिस्टर स्पार्क्सना याहून चांगली श्रद्धांजली नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

आपला,
व्हर्जिल हॉस्टेटर


आर्डमोर
२१ मे १९९७

मिस्टर हॉस्टेटर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा फाडावंसं वाटलं.

"पहिल्या वर्षापासून होता" म्हणे. नऊ वर्षं मी त्या गाडीत बसले. दर रविवारी बसले. गाणारी माझ्या नाकासमोर उभी असायची, तिने श्वास घेतलेला मला कळायचा. आणि तुम्ही वर्षातून एकदा येऊन, डोळे मिटून बसून मला सांगता की ती तिथे नव्हतीच. दोघांपैकी एक जण बहिरा आहे, आणि कानांवर झापडं लावून उभी राहणारी मी नाही. दुःखात मी नव्याने ऐकते, हे तर तुम्ही तुमच्यापाशीच ठेवा. दुःखात मला काहीच ऐकू येत नाही. दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नाही.

पण तुम्ही पडलात परीक्षक. डॉयल तेच म्हणतो, एमेट तेच म्हणतो, माझी बहीण फोनवर तेच म्हणते, की अगं, एवढा मोठा माणूस सांगतोय तर ऐक. मी एकटीने किती जणांशी भांडू? आणि खरं सांगायचं तर मला ती गाडी आता अशीही सोसवत नाही. आधीच ती चालवायला शिकताना माझा जीव निघाला. आमच्याकडे गाडी फक्त हार्लन चालवायचा. मी लग्नाआधी चालवत होते, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला तो यंदाच्या मार्चमध्ये. तो सहा फुटांवर, मी पाच फूट. त्याची सीट पुढे ओढली तरी पाय पोचेनात, म्हणून पाठीमागे सोफ्यावरची उशी लावते, पिवळी. लाल सिग्नलला लोक बघून हसतात. एवढं करून तळ्यापर्यंत जायचं आणि दारातलं गाणं ऐकायचं, तर नकोच ते.

डॉयलला होकार दिला आहे. एकतीस तारखेला, शनिवारी सकाळी तो गाडी न्यायला येणार. म्हणजे तुमच्या मनासारखं झालं. आता खिळ्यावर लावायला काही पाठवा.

ओलेटा स्पार्क्स


ओवेन्सबरो
३० मे १९९७, शुक्रवार

ओलेटा,

हे पत्र तुम्हाला शनिवारनंतर मिळेल, तरी लिहितो आहे. मध्ये सुट्टीचा सोमवार आला, त्यामुळे तुमचं पत्र आज दुपारी हातात पडलं. उशीच्या ओळीपर्यंत आलो आणि उभा राहिलो.

मी तुम्हाला तार विचारली, उंदीर विचारले, पण तुम्ही कुठे बसता ते विचारलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या स्पर्धेचा नियम आहे की परीक्षकाने चालवणाऱ्याच्या जागी बसायचं. गुण तिथलेच. त्यामुळे प्रत्येक जण गाडी त्या एका जागेसाठी बसवतो. जवळच्या दाराचा आवाज कानाला आधी पोचतो, म्हणून त्याला किंचित रोखून धरायचं, म्हणजे दोन्ही दारांचा आवाज बरोबर येतो आणि गाणारा मधोमध उभा राहतो. हे एकाच सीटसाठी करता येतं. एका सीटला जे साधलं ते दुसऱ्या सीटला बिघडतं. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून सगळे डावं दार रोखतात. हार्लननी उजवं रोखलं होतं.

त्यांनी ती गाडी तुमच्या सीटसाठी बसवली होती, ओलेटा. नऊ वर्षं माझ्या हातचा तोच शेरा वाचून, घडी करून, "थँक यू, सर" म्हणून ते घरी जात होते आणि कळ हलवत नव्हते. त्यांना दोष ऐकू येत नव्हता असं मी लिहिलं. त्यांना तो रोज ऐकू येत होता. ते स्वतः त्या बिघडलेल्या जागी बसून गाडी चालवत होते. तळ्यावर ते तुमच्या तोंडाकडे का बघायचे ते आता मला कळलं. तुमच्या जागेवरचं गाणं स्वतःला ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? नऊ वर्षांत मी एकदाही गाडीला वळसा घालून दुसरं दार उघडलं नाही. तिथे गुण नव्हते.

पत्र वाचल्याबरोबर मी तुम्हाला फोन केला. यावर तुम्ही म्हणाल, फोनवर उलगडा होत नाही ना? तर ऐका. गेल्या वर्षाच्या शरदात माझे कान गेले. पूर्ण नाही, पण वरचे सूर गेले, आणि माणसाचे शब्द त्यांच्याबरोबर गेले. किटलीची शिट्टी मला ऐकू येत नाही, वाफ दिसते म्हणून गॅस बंद करतो. स्पर्धेच्या मंडळींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी सभ्यपणे मला मीटरवर उभं केलं. माणसं कमी पडतात हे मी रचलेलं होतं. तुमच्या पत्रात बहिरा शब्द आला तेव्हा मला राग आला नाही. निदान कोणीतरी म्हटलं, असं वाटलं.

फोनमध्ये मला फक्त खरखर येते. पलीकडे बाई बोलते आहे की निरोप घेणारं यंत्र आहे, की कोणी उचललंच नाही, ते मला कळलं नाही. म्हणून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोललो आणि ठेवला. ते तुम्हाला मिळालं की नाही हे मला इथे बसून कळायचा मार्ग नाही. घरात विचारायला दुसरं कोणी नाही. शेजारी नवे आहेत, त्यांच्याकडे जाऊन माझ्यासाठी फोनला कान लावा म्हणायची लाज वाटली. आता हे लिहिताना वाटतं की लाज गिळून जायला हवं होतं.

डॉयलने कळा हलवल्या असतील तर त्या माझ्या शब्दावरून हलल्या. तुम्ही आधी मला विचारलं होतं.

व्हर्जिल


आर्डमोर
२५ जून १९९७

व्हर्जिल,

मीच होते फोनवर.

ताटलीत भेंडी वाढून घेतली होती आणि फोन वाजला. मी हॅलो म्हटलं. तुम्ही ओरडलात, "ओलेटा, डॉयलला हात लावू देऊ नका. दुसऱ्या बाजूने बसा." मी म्हटलं, कोण बोलतंय? तुम्ही पुन्हा तेच. मी विचारलं, दुसऱ्या बाजूने म्हणजे काय, व्हर्जिल, तुम्ही आहात का? तुम्ही पुन्हा तेच, आणखी मोठ्याने. मग मी बोलायची थांबले. एवढ्या लांबून एक माणूस ओरडतोय आणि मी सांगतेय ते त्याला पोचत नाहीये, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही ठेवलात तरी मी बराच वेळ कानाला लावून उभी होते.

त्या संध्याकाळी मी गाडीकडे गेले नाही. धीर झाला नाही. रागावले होते तेव्हा सोपं होतं.

सकाळी गेले. सवयीने डाव्या बाजूला गेले, मग वळसा घालून माझं दार उघडलं. फेब्रुवारीपासून त्या सीटवर मी बसले नव्हते. का बसावं? तिथून गाडी चालत नाही. हात लांब करून किल्ली फिरवली, काचा वर केल्या, आमचं गाणं लावलं.

ती होती. नाकासमोर, बॉनेटवर. पियानो तिच्या मागे, थोडा उजवीकडे, जिथे असायचा तिथे. पहिल्या ओळीआधी तिने श्वास घेतला आणि मी रडायला लागले. तो गेल्यापासून लोकांसमोर रडले होते, एकटी पहिल्यांदा रडले. शेजारी त्याची सीट, पुढे ओढलेली, आणि तिच्यावर माझी पिवळी उशी. ती उशी मी उचलून मागे टाकली.

गाणं चालू असतानाच डॉयल आला आणि काचेवर टकटक केली. मी बोट वर केलं, थांब म्हणून, तुम्ही करायचात तसं. तो बाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला. संपल्यावर उतरले आणि त्याला सांगितलं की गाडी ठीक आहे, तूच चुकीच्या बाजूने ऐकलंस. त्याला ते पटलं नाही, पण मी पिकान पाय दिला तो घेऊन गेला.

व्हर्जिल, माझ्या नवऱ्याचं हे वागणं बरोबर का? नवऱ्याने बायकोला सांगायचं असतं की नाही? दर वर्षी दुसरा नंबर घेऊन यायचा आणि मी त्याला म्हणायची, अरे, ते साहेब सांगतात तसं कर की एकदा. तो म्हणायचा, बघू. मी ढाली धुण्याच्या खोलीत लावल्या तेव्हाही काही बोलला नाही. त्याला वाटलं असेल की मला ऐकू येतंच आहे, आता आणखी काय सांगायचं. आणि मला वाटत होतं की गाडी सगळ्यांना तशीच ऐकू येते. धुण्याच्या खोलीतून एक ढाल आणून मी त्या खिळ्यावर लावली आहे. दुसऱ्या नंबरचीच.

तुमच्या कानांबद्दल. मी तुम्हाला बहिरा म्हटलं ते मागे घेत नाही, कारण ते खरं निघालं. पण टोमणा मागे घेते. ऑक्टोबरमध्ये टल्साला मीटर वाचायला याल तेव्हा दोन दिवस आधी निघा आणि इकडून या. मला तळ्यावर घेऊन चला. तुम्ही स्टिअरिंगमागे बसा, तुमची नेहमीचीच जागा आहे. गाडी चालवायलाही कान लागत नाहीत. गाणं कसं झालं ते मी तुम्हाला नंतर कागदावर लिहून देईन. उजवं दार एकदा उघडून बसायचं असेल तर बसा, मी बाहेर थांबेन. येणार नसाल तरी पत्र लिहीत जा.

तोवर माझी मी जाते. जाताना गाणं लावत नाही. तळ्यावर पोचले की पाण्याकडे तोंड करून गाडी लावते, उतरते, वळसा घालते आणि माझ्या जागी येऊन बसते. रविवारी तिथे माणसं असतात, पोरंबाळं, मासे धरणारे. जाता-जाता आत डोकावतात. चालवणाऱ्याची सीट रिकामी, बाई शेजारी बसलेली. त्यांना वाटत असणार की नवरा काहीतरी आणायला उतरला असेल, येईल इतक्यात. मी त्यांना तसं वाटू देते.

ओलेटा